शनिवारच्या सिनेमाबद्दल

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू शनिवारी आपल्या घरी मित्रमैत्रिणींना बोलावून भुताचा सिनेमा लावायचं विचारलंस आणि "नाही म्हणजे नाही" एवढंच म्हणून मी फोन ठेवला. वॉर्डातली बेल वाजली होती, जावं लागलं. पण तुला तिकडे काय कळणार, तुला वाटलं असणार आईने झिडकारलं. तसं बोलायला नको होतं मी. या आठवड्यात माझी नाइट आहे, मी घरी पोचते तेव्हा तू शाळेत गेलेला असतोस आणि तू येतोस तेव्हा माझी निघायची घाई. म्हणून आता पहाटे, वॉर्डातली पोरं जरा शांत झोपलीत तर, लिहायला बसले.

तो भुताचा सिनेमा शनिवारी आपल्या घरी लागणार नाही. ते नक्की. पण का, हे तुला नीट सांगायला हवं. तू तेरा वर्षांचा झालास, नुसत्या नकारावर तुझी बोळवण करणं बरोबर नाही.

तू म्हणालास, "आई, त्यावर नुसतं ए लिहिलंय, सगळेच बघतात." ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी. थिएटरात तुला आत सोडणार नाहीत, मी बरोबर असले तरी. यूए वेगळं. यूए म्हणजे मूल बघू शकतं, पण आईबाबांनी विचार करून ठरवावं. हे यूए 1983 पासून आहे आणि कितीतरी वर्षं त्याची रेघ एकच होती, बारा वर्षांची. 2023 साली कायदा बदलला आणि त्याचे तीन भाग झाले: 7, 13 आणि 16. त्यामुळे जुन्या सिनेमावर नुसतं यूए दिसलं, तर तो तुमच्या वयाला चालेल की सोळाच्या पोरांना, हे त्यावरून समजत नाही. घरी टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये जे अक्षर कोपऱ्यात येतं ते त्या अ‍ॅपवाल्यांनीच नियमाप्रमाणे लावलेलं असतं. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत हिंसा, शिवीगाळ, भीती असं काहीतरी लिहिलेलं असतं. सुरू झालं की दोन क्षणांत ते जातं. ती ओळ वाचत जा. मला आकड्यापेक्षा ती जास्त कामाची वाटते.

पण खरं कारण ते अक्षर नाही.

मी तुझ्याच वयाची होते. मामाच्या घरी सगळी भावंडं जमलो होतो. तेव्हा व्हीसीआर भाड्याने मिळायचा, एका रात्रीसाठी, बरोबर तीन कॅसेट. पहिली सगळ्यांची, दुसरी मोठ्यांची, आणि तिसरी कोणी निवडली ते आजवर कळलेलं नाही. ती लागली तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते, मोठी माणसं झोपली होती. सतरंजीवर आम्ही नऊजण दाटीवाटीने बसलो होतो आणि मी अगदी मधोमध. विहिरीतून एक हात वर येतो, असं काहीतरी होतं. मला उठायचं होतं. पण उठायचं तर चौघांच्या मांड्या ओलांडून, टीव्हीच्या समोरून जावं लागणार, आणि सगळे बघणार. मी उठले नाही. डोळे मिटले तर शेजारचा दादा म्हणाला, "घाबरली रे ही!" मग मी डोळेही उघडे ठेवले. त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं मी आजोळी रात्री मोरीत एकटी गेले नाही. मागच्या दारी विहीर होती. माझ्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

सिनेमा भीतीदायक होता हे माझं दुःख नव्हतंच. मला कोणी विचारलं नाही, आणि बसल्यावर मला बाहेर पडायला वाट नव्हती. एकट्याने बघताना माणूस बंद करतो, उशीत तोंड खुपसतो, आईला हाक मारतो. आठजणांत बसल्यावर यातलं काही करता येत नाही. तुमच्या वयात तर नाहीच. तुमच्यात मुलीही आहेत. पडद्यावर नको ते दृश्य आलं की मुलगे हुर्यो करतात आणि मुली पाय जवळ घेऊन गप्प बसतात, हे मी पाहिलंय. त्या काही बोलत नाहीत म्हणून त्यांना चाललं, असं समजू नकोस.

इथे वॉर्डात मी सुई टोचण्याआधी मुलाला सांगते. "आता टोचेल, मुंगी चावल्यासारखं होईल, तीन मोजायचे." ज्याला सांगितलंय ते पोर हात स्थिर धरतं. ज्याला न सांगता टोचलं ते पुढच्या वेळी मला दारात बघूनच रडायला लागतं. म्हणून मी परवा सगळ्यांच्या आयांना निरोप टाकला की शनिवारी सिनेमा आहे, नाव ठरलं की कळवते, आठला संपेल. तुला लाज वाटली, बाबांनी सांगितलं मला. पण सोन्या, ती सात पोरं माझ्या घरात असणार. त्यांच्या आया माझ्या भरवशावर त्यांना पाठवणार. त्यांना आधी कळलंच पाहिजे.

गेले तीन दिवस मी दुपारी झोपेतले दोन दोन तास काढून सिनेमे बघतेय. आधी पाहिलेलेच, पण या खेपेला तुमच्या सगळ्यांच्या बाजूने. पहिला मनात होता 'किल्ला', 2014 चा. मला फार आवडतो. कोकणातला पाऊस, तो पडका किल्ला, सायकली. लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. त्यातल्या मुलाचे वडील गेलेत, आईची बदली झालीय आणि तो नव्या गावात एकटा पडलाय. तुझा बुद्धिबळवाला मित्र आठवला. त्याचे बाबा जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. मग म्हटलं 'एलिझाबेथ एकादशी' लावू, पंढरपूरचा, सगळ्यांना हसवेल. त्याच वर्षीचा तोही, आणि त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय. सायकल वाचवण्यासाठी ती पोरं यात्रेत बांगड्यांचं दुकान लावतात, ते बघताना मी एकटीच हसत होते. पण ती सायकल कोणी बनवलेली? वडिलांनी. आणि ते वडीलही आता नाहीत. इतक्या वेळा पाहूनही हे कधी मला खुपलं नव्हतं. या वेळी त्या मित्राच्या जागी बसून पाहिलं तर प्रत्येक प्रसंगात तेच दिसायला लागलं.

यात सिनेमांचा दोष नाही. दोन्ही इतके चांगले आहेत की कदाचित एक दिवस त्या मुलाला ते आधारच देतील. पण तो दिवस त्याने निवडायचा, घरी, त्याच्या आईजवळ बसून. आपल्या हॉलमध्ये, सगळे आपल्याकडे बघतायत का या धास्तीत नाही. आणि हे असं कुठल्याच सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं बघ. कोण येणार आहे, ते ज्याला माहीत त्यानेच हे बघायचं असतं. म्हणजे तू आणि मी.

तुला त्याच्याशी हे काही बोलायचं नाही. "तुझ्यासाठी बदलला" असं तर मुळीच नाही.

इराणचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' पाहिला. 1997 चा. बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं भावंडं एकाच जोडीवर शाळा करतात, ती सकाळी, तो दुपारी. गल्लीतून धापा टाकत येऊन बूट बदलतात ते दृश्य मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. घाबरायचं काही नाही, लाजायचं काही नाही, दीड तासात संपतो. अडचण एकच, बोलणं फारसीत आणि खाली इंग्रजी ओळी. तुमच्यातल्या एकाला इंग्रजी भरभर वाचता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो विचारणार नाही, सगळे हसले की मागून हसेल. तुम्ही कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार असाल, ठरवून, आलटून पालटून, तर हा लावा. नाहीतर आपण तिघं दिवाळीत बघू.

'चिल्लर पार्टी'ही काढून ठेवलाय. कुत्र्यासाठी सोसायटीतली पोरं मंत्र्याशी भांडतात, मजा आहे. पण सव्वादोन तासांच्या आसपासचा आहे, आणि मला वाटतं तुमच्यातले दोघं तरी "हा लहान मुलांचा" म्हणतील. काका हॉलमध्ये आले की उगीच मोठ्या आवाजात बोलणारे ते दोघं.

माझं मन खरं म्हणजे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'वर आहे. 2009 चा. दादासाहेब फाळके, म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले, त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा केला त्याची गोष्ट. तो 1913 चा. अभिनयाला बायका मिळेनात तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला तारामती केलं. छोट्या रोहिदासाचं काम त्यांच्या स्वतःच्या मुलाने केलं, तुमच्याहून लहान होता तो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरचं सगळं आवरून रात्री फिल्मला कडेची भोकं पाडत बसायच्या. आणि भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत एक छोटी फिल्म केली होती, ते तर तुला फोनवर आजही करता येईल, खिडकीत कुंडी ठेवून. सिनेमा खूप हसवतो. घरात पैसे नाहीत, माणूस वेड्यासारखा एका गोष्टीच्या मागे लागलाय आणि बायकापोरं त्याच्याबरोबर धावतायत. आई, बाबा, मुलं, सगळे आहेत त्यात. मध्ये फाळक्यांची दृष्टी काही काळ जाते, तेवढं आधी सांगून टाक सगळ्यांना, आणि ती परत येते हेही सांग. त्याने मजा जात नाही.

या तिघांतला कोणता, ते तुम्ही ठरवा. तुमच्या मनात चौथा असेल तर गुरुवारपर्यंत नाव चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लाव, मी शुक्रवारी दुपारी पूर्ण बघेन. पूर्ण. ट्रेलरवर माझा विश्वास नाही, त्यात नको ते नेमकं कापलेलं असतं.

आणि भुताचं. तुला भीती वाटून घ्यायची आहे हे मला कळतं, या वयात मलाही हवी होती. सुट्टीत एका रात्री तू, मी आणि बाबा मिळून एक बघू, तुमच्या वयाला चालेल असा. दिवे बंद करून. तू माझा हात धरलास तर कोणाला सांगणार नाही. मी तुझा धरला तर तूही सांगायचं नाहीस.

शनिवारचं बाकी सांगते. काका प्रोजेक्टर पाचला आणून देतील. कपाटात खालच्या कप्प्यात पांढरी डबल चादर आहे, ती इस्त्री करून घे, घडीच्या रेघा पडद्यावर दिसतात. पॅसेजचा दिवा चालूच राहू दे आणि स्वयंपाकघराचं दार उघडं. गाद्या भिंतीला लावून टाक, मध्ये जायला वाट सोड, कोणाला कोणाच्या मांड्यांवरून जायला लागू नये. आणि एक काम खास तुझं. सिनेमा अर्धा तास झाला की तू स्वतः उठ, "पाणी कोणाला हवंय, चला रे भेळ कालवायला" असं म्हणत आत ये. तू यजमान आहेस, तू उठलास की कोणालाही उठता येतं. जो तुझ्यामागे आत येईल त्याला मी कांदा चिरायला बसवेन, हवा तेवढा वेळ. का आलास, कोणी विचारणार नाही.

कुरमुरे डब्यात आहेत, झाकण घट्ट लाव, मागच्या वेळी सादळले होते. चिंचेची चटणी मी शुक्रवारी करून ठेवते. फ्रिजमध्ये तुझ्यासाठी वरणफळं आहेत, गरम करून खा, आणि आजीला गोळी दिली का ते बाबांना विचार.

तुझी,
आई