वादळानंतर घरोघरी तपासणी, सगळ्यांनी वाचा

भाऊ-ताईंनो, केळी आडवी झाली त्याचा पंचनामा होईलच, आधी माणसं बघू. तलाठी, पोलीस पाटील आणि रेस्क्यूची टीम घरोघरी येतेय, दार उघडा, घरात किती जण, कोणाला लागलंय ते नीट सांगा. एकट्या राहणाऱ्या आजी-आबांची आणि मळ्यात राहणाऱ्या सालदारांची (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्यांची) नावं लगेच ग्रुपवर टाका, तिकडे रेंज नाही आणि त्यांची चौकशी नेहमी शेवटी होते, हे बरं नाही. पाहुण्यांकडे गेले असाल तरी कळवा, नाहीतर टीम रिकाम्या घरापाशी खोळंबते.

तुटलेल्या तारेपासून लांब रहा, लाइट गेलेली असली तरी कोणाच्या जनरेटरचा उलटा करंट येऊ शकतो, वीज तक्रारीच्या 1912 नंबरला सांगा. अर्जंट असेल तर 112, अँब्युलन्सला 108.