वहीचं ते पान तुम्ही वाचलंत, मॅडम

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

परवा माझा संशोधनाचा पेपर छापून आला. पहिलं नाव माझं आहे. आईला मोबाइलवर दाखवलं, तर तिनं स्क्रीनवरून बोट फिरवत विचारलं, "यातलं तुयं नाव कोनतं?" मी दाखवल्यावर ती कितीतरी वेळ तेवढंच बघत राहिली. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

तुमच्याकडे येण्याआधी तुमचं गूगल स्कॉलरचं पान मी कितीदा उघडलं असेल, मोजलं नाही. पेपरांची यादी खाली खाली जातच राहायची. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलेला, संशोधकाचं काम मोजणारा तो एच-इंडेक्स मी वर्गात शिकवते: चाळीस असेल तर किमान चाळीस पेपर असे, की प्रत्येकाचा आधार इतरांनी किमान चाळीसदा घेतलाय. माझा शून्य. अशा बाईंपुढे भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या लेकरांच्या वजन-उंचीची वही काय ठेवायची, म्हणून मी बसस्टँडवरूनच परत फिरणार होते.

वही आधी तीन ठिकाणी फिरली होती. एका सरांनी दोन वर्षं माझ्याकडून लेकरांची वजनं-उंची मोजून घेतली आणि परिषदेत ते आकडे स्वतःच्या नावानं वाचले. आभारातही मी नव्हते. दुसऱ्यांनी वही उघडली नाही. "पैसे भर, आठ दिवसांत छापून देतात, नोकरीसाठीचे पॉइंट मिळाले की झालं," म्हणाले. तिसऱ्यांनी जन्मतारखेचा रकाना पाहिला आणि हसले; तारीख माहीत नव्हती तिथं मी सण नाहीतर शेतीचं काम लिहिलं होतं, पोळ्यानंतरची मारबत किंवा भाताची रोवणी. "मारबत? रोवणी? हा डेटा आहे की पंचांग?"

तुम्ही नेमक्या त्याच पानावर थांबलात.

त्यात एका मुलाची नोंद होती. उंची ७३ सेंटिमीटर. अंगणवाडीच्या रजिस्टरप्रमाणे जन्म दिवाळीनंतरचा, गावोगावच्या मंडईच्या जत्रांच्या दिवसांतला, म्हणजे वय १२ महिने. पण त्याची आई मला म्हणाली होती, "रोवना चालू होता बाई, परे उपटता उपटता पोट दुखाले लागलं." बाळंतपण माहेरी झालं, आणि सासरी परतल्यावर कोणीतरी तारीख अंदाजानं टाकली. आईचं खरं धरलं तर जन्म तीन महिने आधीचा, रोवणीतला, आणि वय १५ महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात मुलाची वाढ खुंटली असं धरण्याची सीमा १२ महिन्यांना ७१ सेंटिमीटर आहे आणि १५ महिन्यांना ७४.१. एकाच लेकराला रजिस्टर ठीक म्हणत होतं आणि आईच्या सांगण्यावरून त्याची वाढ खुंटलेली निघत होती.

तुम्ही विचारलंत, "रोवणी तुमच्याकडे कोणत्या आठवड्यात संपते?" आणि कडेला टिपण करायला पेन उचलून परत खाली ठेवलंत. ड्रॉवरमधून पेन्सिल काढलीत. "वही तुझी आहे. पेनानं कशी लिहू?" असं म्हणालात आणि बारीक अक्षरात लिहायला लागलात.

मॅडम, मला त्या पेन्सिलीबद्दलच लिहायचं होतं. दोन वर्षं माझी मेहनत ज्यांनी विचारल्याशिवाय उचलली, त्यांच्यानंतर कोणीतरी माझ्या वहीच्या समासालाही माझी परवानगी लागते असं समजत होतं. मी खिडकीकडे तोंड केलं. रडू आलं होतं, ते तुम्हाला दिसलंच असेल, पण तुम्ही काही विचारलं नाही.

पुढे तुम्ही सांगितलंत की सणावारांवरून आणि शेतीच्या हंगामावरून वय ठरवण्याला जगभर मान्यता आहे, पोषणाच्या पाहण्यांत तशी गावाची दिनदर्शिका मुद्दाम तयार करतात. मी ती नाव माहीत नसताना केली होती. शेजारच्या गडचिरोलीचीही आठवण काढलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्यावरचा १९९९ चा पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यातही बाळांपर्यंत गावातल्याच बाया पोचल्या होत्या.

मसुद्यात मी तुमचं नाव घातलं, ते तुम्ही खोडलंत. "मी त्या गावात गेले नाही." आमच्या अंगणवाडीच्या बाईंचं नाव मात्र आभारात हवंच म्हणालात. एवढी मोठी यादी असलेलं माणूस न केलेल्या कामावर आपलं नाव नको म्हणतं, हे मी आधी पाहिलं नव्हतं. असं सरळ वागणारं एक जरी माणूस वाटेत भेटलं, तरी खेड्यातून आलेल्या मुलीचं पुढचं सगळं बदलतं. माझं बदललं. तुम्हाला आवडणार नाही म्हणून इथेही तुमचं नाव लिहीत नाही.

अंगणवाडीच्या बाईंनी त्या पानाची झेरॉक्स काढून भिंतीवर लावलीय, वजनकाट्याच्या वर.

रोवणी आली. यंदा वर्गातल्या चार मुलींना घेऊन गावात जातेय. वह्या त्यांच्या आहेत, म्हणून मी पेन्सिल घेतलीय.

तुमची कायमची ऋणी,
तासिका तत्त्वावर शिकवणारी गृहअर्थशास्त्राची एक प्राध्यापिका