ग्रेगरीची कोंबडी सुटली

प्रिय अरुण,

तीन महिने पत्र नाही, रागावला असशील. पाठ बरी आहे. अमेरिकेतला काळा विनोदकार डिक ग्रेगरी, त्याचे विनोद आपल्या कार्यक्रमासाठी मराठीत आणताना अडलेली ती कोंबडी अखेर सुटली, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हॉटेलात गोरी वेट्रेस ग्रेगरीला म्हणते, इथे काळ्यांना वाढत नाही. तो म्हणतो, ठीक आहे, मी काळी माणसं खात नाही, अख्खी कोंबडी आण. इंग्रजीत माणसांना वाढणं आणि माणसंच ताटात वाढणं एकाच वाक्यात बसतं. मराठीत ‘काळ्यांना’मधला ‘ना’ आला की विनोद तिथेच मेला. मी उगाच ‘वाढणं’ धरून बसलो होतो. आता ऐक: ‘इथे काळी माणसं चालत नाहीत.’ ‘मलाही नाही चालत. कोंबडी आण, अख्खी.’ मोठ्याने वाच, आणि विराम कोंबडीच्या आधी घे.

अडलंय ते काळ्यांना देतात त्या ‘निगर’ या शिवीपाशी. उत्तर ओठावर तयार असावं म्हणून तो घरी जेवताना बायकोला, लिलियनला, ती शिवी ओरडायला लावायचा. क्लबात कुणी ओरडलं की म्हणायचा, ऐकलंत? मला सिनेमातल्या काउबॉयचा, रॉय रॉजर्सचा घोडा म्हणाला, ट्रिगर! सगळी गंमत ‘निगर’-‘ट्रिगर’ या यमकाची. मराठीत यमक नाही, घोडा कुणाला माहीत नाही, आणि टीप दिली की हसू गेलं. इथली जातीवाचक शिवी घाल, हा तुझा हट्ट मला अजून मान्य नाही. ती जखम वेगळ्या माणसांची आहे. त्यापेक्षा त्याचं दुसरं उत्तर घेतो: करारात लिहिलंय, हा शब्द ऐकला की दर वेळी 50 डॉलर जादा. मला मिळतात रात्रीचे 10, तेव्हा सगळे उठा आणि ओरडा! पैशाचा हिशेब कुठल्याही भाषेत कळतो.

पण ते ठेवू कुठे? त्याचा क्रम पक्का होता: आधी स्वतःवर विनोद, मग समोरच्यांवर, शेवटी समाजावर. 13 जानेवारी 1961 ला शिकागोच्या प्लेबॉय क्लबात समोर फ्रोझन फूडच्या धंद्यातले दक्षिणेतले गोरे बसले होते. कार्यक्रम पुढे ढकलू, असं क्लबवाले म्हणत होते. तो उभा राहिला, आणि त्यांना तो इतका आवडला की त्यांनी त्याला मंचावरून उतरू दिलं नाही. शिवी पहिल्या पाच मिनिटांत आली तर आपले श्रोते आक्रसतील. फार उशिरा आली तर तो नुसता हसवणारा वाटेल. मला कोंबडीच्या लगेच नंतर योग्य वाटतं. तुला?

धाकटीचा निकाल कळव. नव्या घराचा पत्ताही.

तुझा,
विनू