साबळेचे बूट कुठे पाहायचे?

संपादक महोदय,

मुलाकडे टोरांटोला गेलो तेव्हा आइस हॉकीचे 'हॉकी हॉल ऑफ फेम' हे संग्रहालय पाहिले. टीव्हीवर पाहून या खेळाचे वेड लागलेले, त्यामुळे पाय निघेना. १८८५ सालची जुनी बँक, वर रंगीत काचांचा घुमट आणि खाली या खेळातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगच्या विजेत्यांना मिळणारा स्टॅनले चषक. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी १८९२ मध्ये दिलेला मूळ वाडगा बँकेच्याच तिजोरीत आहे. चषकावर विजेत्या खेळाडूंची नावे कोरतात. जागा संपली की सर्वांत जुनी पट्टी काढून तीही जपतात. काही नावांतल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा तशाच आहेत!

आपल्याकडे धावपटू अविनाश साबळे आणि कुस्तीपटू राहुल आवारे बीडचे, खो-खोत अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवची. हारतुरे झाले, चौकातले बॅनर उतरले की विषय संपला. साबळेने स्टीपलचेसला (अडथळ्यांच्या शर्यतीला) वापरलेले बूट शाळेच्या पोरांना दाखवायचे तर न्यायचे कुठे?

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात अशा संग्रहालयासाठी एखादी खोली मिळाली तरी पुरे. काचेच्या कपाटांसाठी आम्ही निवृत्त मंडळी वर्गणी काढू.

– एक क्रीडाप्रेमी, परभणी