समासातल्या पेन्सिलीला

वर्षभरात २१ पुस्तकं वाचून झाली, पण मन अडकलंय एकातच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ सालचा. अप्पा बळवंत चौकात मिळालेल्या जुन्या प्रतीत कुणीतरी समासात बारीक पेन्सिलीने अडलेल्या शब्दांचे अर्थ लिहून ठेवले होते. जातिभेद माणसानेच केलाय, हे लक्ष्मीबाईंना उमगतं त्या पानावर फक्त दोन शब्द: ‘पुन्हा वाचलं’. मीही पुन्हा वाचलं. तुम्ही कोण, कुठे असता, ठाऊक नाही. पण आजारपणातल्या त्या रात्री तुमची सोबत होती. मनापासून आभार.

आणि सुटलेली पानं दोऱ्याने शिवून देणाऱ्या, त्याचे पैसे न घेणाऱ्या दुकानातल्या काकांचेही. शिवण अजून घट्ट आहे, काका. आता पुस्तक आईच्या उशाशी असतं.