काढून टाकलेला फोटो

प्रिय चिऊ,

पोचल्याचा निरोप आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. त्याचं काही वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण वाटलं. अर्थात, मला बोलायला तोंड नाही. रात्री पावणेतीनला वीस वर्षांच्या मुलीच्या हातातून फोन हिसकावणारा बाप दुसऱ्या कुणाच्या घरात पाहिला असता, तर मीच नावं ठेवली असती. चुकलं माझं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे माझा उपदेश सुरू होणार आणि माफी राहून जाणार.

रात्री किती वाजता झोपतेस, हे या पत्रात विचारणार नाही. आईने तसं वदवून घेतलंय.

बोलायचंय ते पुलाच्या फोटोबद्दल. तू टाकलास तेव्हा मी जागाच होतो. काड्यांचा तो पूल, मागे तू, गालाला डिंक लागलेला, आणि खाली एवढंच : ‘४१ किलो.’ मी लगेच बदाम दाबला. सकाळी आत्याला दाखवायला उघडतो तर फोटो गायब. मलाच सापडत नसेल म्हणून चष्मा लावून वर-खाली केलं, मग आत्याने केलं. नाहीच. आणि त्या रात्री भांडता भांडता तू म्हणालीस, "नऊ जणांनी लाइक केला, बाबा. नऊ!"

त्या नऊंतला एक मी. ४१ किलो पेलणारा पूल नऊ बदामांनी मोडावा? हे वाक्य सुचलं तेव्हा बरं वाटलं होतं, आता कागदावर टोमण्यासारखं दिसतंय. टोमणा नाही गं. मला खरंच कळून घ्यायचंय.

तू पाच-सहा वर्षांची असताना काड्यापेटीतल्या काड्या मांडून घरं करायचीस. "बाबा, बघा ना." मी पेपरातून मान वर न काढता "छान" म्हणायचो. तू दोन मिनिटांनी परत यायचीस, "नाही बघितलंत." तुला बरोबर कळायचं. मग तू दादाकडे जायचीस, तो पाडायचा, तू रडायचीस आणि पुन्हा मांडायचीस. पाडल्यावर पुन्हा मांडणारी पोर फोटो पुसून का टाकते, हे कोडं काही मला सुटत नाही. आणि आपण बनवलेलं कुणीतरी नीट बघावं, ही भूक तुला कुठून लागली असेल, याचं उत्तर मला आवडत नाही.

तू गेल्यावर मी बरंच वाचलं. (फोनवरच, रात्री दीडपर्यंत. हस.) खाली खाली सरकवत गेलं तरी न संपणारं ते पान एझा रॅस्किन नावाच्या माणसाने २००६ मध्ये तयार केलं. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्याआधी पान संपायचं, पुढचं हवं तर बटण दाबावं लागायचं. त्या एवढ्याशा थांब्यावर माणसाला आठवायचं की आपल्याला उठायचंय. तो थांबाच काढून टाकला. आणि लाइकचं म्हणशील, तर स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांबद्दल वाच. टोच मारल्यावर दाणा कधी मिळायचा, कधी नाही. दर वेळी मिळणाऱ्यापेक्षा असा बेभरवशाने मिळणारा दाणा जास्त चिकटून टोचा मारायला लावतो. म्हणजे तू दर पाच मिनिटांनी उघडून बघत होतीस तो तुझा कमकुवतपणा नव्हे, हे मला त्या रात्री माहीत असतं तर मी ‘मनावर ताबा नाही’ वगैरे बोललो नसतो. तो शब्द मागे घेतो.

आता म्हणशील, बाबा पूर्ण सोड म्हणणार. नाही म्हणत. वर्गाचा ग्रुप सोडलास तर परीक्षेचं वेळापत्रक बदललेलंसुद्धा तुला शेवटी कळेल. सुट्टीत काम मिळालं ते ज्या सीनियरमुळे, तीही तिथेच भेटलेली. आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलंय.

एक प्रयोग मात्र सांगतो, कारण तो तुझ्यासारख्याच विद्यार्थ्यांवर झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला, २०१८ साली छापून आलेला. १४३ मुलंमुली. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं. तीन आठवड्यांत पहिल्या गटाचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. सोडायला कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि मला आवडलं ते पुढचं : आपल्या हातून काहीतरी निसटतंय ही भीती आणि काळजी दुसऱ्या गटातही उतरली. का, तर आपण किती वापरतो याची नोंद दोन्ही गटांची होत होती. नुसतं मोजलं गेलं तरी फरक पडला असावा, असं त्यांना वाटतं.

म्हणून मी माझंच मोजायला घेतलं. ‘मी फक्त बातम्या बघतो’ म्हणणाऱ्या तुझ्या बापाचे पहिल्या दिवशी तीन तास दहा मिनिटं निघाले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढेच? "तुम्हीपण तेच करता," असं तू त्या रात्री म्हणालीस आणि मी आवाज चढवला. आवाज चढला तो तू खरं बोललीस म्हणून.

तरी सांगतो. फोन उशाशी ठेवू नकोस, टेबलावर ठेव, उठून जावं लागेल इतका लांब. माणसांचे फोन सोडून बाकी सगळ्या घंट्या बंद कर. काही टाकलंस तर टाक आणि बाहेर पड, जिन्यावरून दोन चकरा मार, लगेच मोजायला बसू नकोस. गजरासाठी फोन लागतो म्हणशील, तर दादाचं ते घड्याळ पार्सलने पाठवतोय. कर्कश आहे, पण त्यात खाली सरकवायला काही नाही. झालं, लेक्चर झालंच. आईला हा परिच्छेद दाखवणार नाही.

तुला वाटत असेल, एवढ्याशा गोष्टीचं बाबा काय घेऊन बसलेत. तुझी आत्या तुझ्याच वयाची असताना रात्र रात्र दिवा चालू असायचा तिच्या खोलीत. अभ्यास करते, असं आम्ही समजायचो. कुणी दार वाजवलं नाही. तेव्हा फोन नव्हते, म्हणजे सगळा दोष फोनचा नाही हे मलाही कळतं. पण दाराखालून उजेड दिसला की माझी झोप उडते, तेव्हापासून. त्या रात्री मी दार वाजवायला आलो होतो, फोन घ्यायला नाही. आत आल्यावर बिघडलं सगळं.

म्हणून फार तर एवढं विचारतो : झोप लागत नाही म्हणून फोन बघतेस, की फोनमुळे झोप लागत नाही? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पहिली असेल तर मला सांग. मला नको असेल तर आईला, तिलाही नको असेल तर आत्याला. आत्याला तर काही समजावून सांगावंही लागणार नाही. तुमच्या विद्यापीठात समुपदेशक असतील, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. (विचारणार नाही म्हटलं होतं. ‘किती वाजता’ हे विचारलेलं नाही, तेवढं बघ.)

परवा आत्याला त्रिकोणाचं समजावून सांगत होतो. तू मला तीन काड्या जोडून दाखवल्या होत्यास, कुठूनही दाबा, आकार बदलत नाही. मग चार जोडल्यास आणि चौकोन लगेच एका बाजूला कलला. माझ्याकडून तिला नीट सांगता आलं नाही, काड्या सारख्या निसटत होत्या. ती म्हणाली, चिऊ येईल तेव्हा तीच दाखवेल.

पुलाचा फोटो माझ्याकडे नाही. मी तेव्हा नुसता बदाम दाबला, साठवून ठेवायचं सुचलं नाही. तुझ्याकडे असेलच. पाठव मला. प्रिंट काढून घेणार आहे, दादाच्या फोटोशेजारची जागा रिकामी आहे. कितीला पाठवलास ते मी बघणार नाही.

तुझा,
बाबा