डबल बेसचा आवाज लाकडाचाच राहू दिल्याबद्दल

फोंडा, गोवा

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे मधल्या मोकळ्या चौकात, झालेल्या आमच्या जॅझच्या कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था आपण सांभाळलीत, ठरलेले मानधन घेतलेत आणि व्यवहार तिथेच मिटला असे म्हणालात. माझ्या लेखी तो मिटलेला नाही. डबल बेस, म्हणजे उभ्याने वाजवायचे माणसाहून उंच तंतुवाद्य, वाजवणारीला कार्यक्रमानंतर लोक बहुधा एवढेच विचारतात की हे धूड गाडीत मावते कसे. त्या संध्याकाळी मात्र काही श्रोते जवळ येऊन म्हणाले की खालचा प्रत्येक सूर वेगळा कळत होता. हे श्रेय ज्याचे त्याला चारचौघांत द्यावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव कुठेही छापायचे नाही, ही आपली अट पाळलेली आहे.

आमच्या वाद्याची एरवी काय गत होते, ते आपल्याला ठाऊक आहेच, वाचकांसाठी सांगते. हॉटेलच्या हिरवळीवर किंवा समुद्रकाठच्या मांडवात वेळ कमी असतो, म्हणून घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला) लावलेल्या पिकअपची, म्हणजे कंप टिपून त्याची वीज करणाऱ्या तुकड्याची, वायर थेट मिक्सरमध्ये (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात) खुपसली जाते आणि स्पीकरमधून रबर ताणून सोडल्यासारखा आवाज येऊ लागतो. मग तो भरदार व्हावा म्हणून खालचे सूर वाढवतात, वाद्य घुमू लागते, घुमणे थांबवायला आवाज कमी करतात, आणि शेवटी बेस नुसता दिसतो, ऐकू येत नाही. त्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे पिकअप असतो, वाद्य नसते.

आपण मात्र एकही वायर जोडण्याआधी मला नुसते वाजवायला सांगितलेत. आधी चार-पाच पावलांवर उभे राहिलात, मग गुडघ्यावर बसून घोडीजवळ, एफ-होलपाशी (पुढच्या फळीतल्या f आकाराच्या भोकापाशी) आणि फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा बोटांनी दाबायच्या पट्टीच्या, टोकाशी कान नेलात. एफ-होलच्या तोंडाशी आवाज सर्वांत मोठा असतो, म्हणून बहुतेक जण माइक तिथेच रोखतात. पण तिथे वाद्याच्या पोटातील हवेचा घुमारा असतो आणि तो ठरावीक सुरांनाच फुगवतो. आपण क्लिपवरचा छोटा सुपरकार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचे ऐकणारा) घोडीपासून साधारण पंधरा सेंटिमीटरवर, एफ-होलला बगल देऊन तबलीकडे (वाद्याच्या पुढच्या फळीकडे) वळवलात, आणि त्याची कमी ऐकणारी बाजू ड्रमकडे राहील अशी मला थोडी तिरकी उभी केलीत. सुपरकार्डिऑइड माइक नेमका पाठीमागून बहिरा नसतो, समोरच्या दिशेपासून सुमारे १२५ अंशांवर तो सर्वांत कमी ऐकतो, हे मी पुस्तकात वाचले होते. उभे राहायची जागा त्यावरून ठरवणारा माणूस मात्र पहिल्यांदाच पाहिला. "पखवाजाला हेच करावे लागते," एवढेच आपण म्हणालात. भजनी स्पर्धा आणि जत्रेतील नाटके यांत मुरलेला कान जॅझला असा उपयोगी पडेल, हे आमच्या पियानोवादकाला अजून खरे वाटत नाही.

नुसत्या माइकवर भागणार नव्हते, कारण शेजारी ड्रम होते. म्हणून पिकअप लागणारच होता, आणि इथे आपण बनवलेल्या त्या पत्र्याच्या डबीचा विषय येतो. घोडीवरचा असा पिझो पिकअप (दाबातून वीज निर्माण करणारा) हा विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा घटक, असतो. तो ज्या इनपुटला जोडाल त्याचा रोध कमी असेल, तर दोघे मिळून खालचे सूर गाळणारी चाळणी तयार होते. आपण वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलेत. पिकअप एक नॅनोफॅरड क्षमतेचा धरला, तर १ मेगाओहमच्या इनपुटला सुमारे १६० हर्ट्झच्या (सेकंदाला १६० कंपनांच्या) खाली आवाज ओसरू लागतो, आणि १० मेगाओहमला तीच सीमा १६ हर्ट्झवर जाते. डबल बेसच्या मोकळ्या तारा साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या, म्हणजे चारही तारा पहिल्या सीमेच्या खाली. मिक्सरच्या माइक इनपुटचा रोध तर जेमतेम दोन-अडीच हजार ओहम असतो. इतकी वर्षे ज्याला आम्ही पिकअपचा स्वभाव समजत आलो, ते बरेचसे इनपुटचे काम होते. एक जेफेट (एका जातीचा ट्रान्झिस्टर), १० मेगाओहमचा रेझिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वाद्यापासून डबीपर्यंत हातभर वायर, एवढ्यावर माझी सर्वांत खालची, ४१ हर्ट्झची ई तार परत आली.

त्यापुढचे काम सर्वांत बारीक होते. पिकअपला कंप घोडीतून तत्काळ मिळतो, माइकला तो हवेतून थोडा उशिरा पोहोचतो. पंधरा सेंटिमीटरला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. तरी दोन्ही आवाज एकत्र केले की ११५०–१२०० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खातात, आणि बोटाचा तारेवरचा स्पर्श, लाकडाची कुरकुर नेमकी तिथेच असते. आपण आधी मला ई तारेचा सूर धरून ठेवायला लावून माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटसुलट करून पाहिलीत. एका बाजूला तळ नाहीसा होत होता, दुसऱ्या बाजूला भरत होता. मग पिकअपला डिजिटल मिक्सरवर ०.४ मिलिसेकंदाच्या आसपास उशीर दिलात आणि पडद्याकडे न पाहता, मान खाली घालून, तो आकडा मागेपुढे करत राहिलात. एका क्षणी आवाज दोन ठिकाणांहून यायचा थांबला आणि वाद्यातून येऊ लागला. सॅक्सोफोनवाला तोवर चहाला गेला होता. त्याचे नुकसान.

नंतर दोघांची कामे वाटून दिलीत: माइकचा अगदी खालचा भाग कापला, पिकअपचा वरचा टणत्कार उतरवला आणि एकूण आवाजातून ४० हर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाकले. बेसचे खालचे काढता कशाला, असे मी विचारले, तेव्हा आपण दिलेले उत्तर विद्यार्थ्यांना मी आता जसेच्या तसे सांगते. ४१ हर्ट्झच्या सुराचा मूळ कंप हवेत नीट ढकलायला डबल बेसचे शरीरही अपुरे पडते. आपला कान ८२ आणि १२३ हर्ट्झच्या स्वरांशांवरून (मूळ कंपाच्या दुप्पट, तिप्पट कंपांवरून) खालचा सूर मनाशी जुळवतो, म्हणून मूळ कंप वाढवण्यापेक्षा ते स्वरांश स्वच्छ ठेवणे जास्त मोलाचे. राजांगणाच्या चिऱ्यांच्या भिंती समोरासमोर, आणि ई तारेची हवेतील लहर साडेआठ मीटरच्या आसपास. त्यामुळे भिंतींवरून परतलेल्या लहरी कुठे मिळून वाढतात, कुठे एकमेकींना खातात, आणि कोपऱ्यात बसलेल्यांना जे ढगाएवढे वाटते, ते मधल्या खुर्च्यांत गायब असते. आपण चारही कोपऱ्यांत फिरून स्पीकर भिंतीपासून पुढे ओढलेत आणि माझा अँप्लिफायर खुर्चीवर चढवलात. ड्रमरला काठ्यांऐवजी हलक्या आवाजाचे ब्रश घ्यायला सांगण्याचे धाडस मात्र मी केले नसते; ते आपण इतक्या अदबीने केलेत की त्यानेच आनंदाने ऐकले. रात्री दहाच्या आत उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद करावे लागतात, त्या घाईतही आपण कुठे आवाज वाढवला नाही.

जाता जाता एक गंमत. 'अँपेग' या प्रसिद्ध अमेरिकन अँप्लिफायरचे नाव डबल बेसच्या तळाच्या दांड्यात, म्हणजे पेगमध्ये, बसवलेल्या माइकवरून पडले. एव्हरेट हल या बेसवादकाने १९४०च्या दशकात तो उद्योग केला. आपल्या डबीलाही एखादे नाव द्यावे, असे आमच्या मंडळींचे म्हणणे आहे.

त्या डबीचे पैसे घ्यायला आपण नकार दिलात, तो मला मान्य नाही. पाकीट आपल्या दुकानातील मुलाकडे ठेवले आहे. परत पाठवलेत तर पुन्हा ठेवीन. दुसरी विनंती अशी की पावसाळ्यात लाकूड फुगून तबली वर येते, तारा उंचावतात आणि घोडीचा दाब बदलतो, तेव्हा हीच जुळणी एकदा पुन्हा तपासून द्यावी. चतुर्थीच्या आधी आपल्याला सवड नसते हे माहीत आहे. त्यामुळे जूनमध्येच वाद्य घेऊन येते. आधी फोन करीन.

आपली कृतज्ञ,
राजांगणातील बेसवाली